बिघडलेल्या शाईची साक्ष

वाढदिवसाचे फ्लेक्स वेळेवर उतरवायला कुणी येत नाही, हे रंगांच्या अभ्यासाच्या दृष्टीने फार सोयीचं आहे. चौकात लागतो त्या दिवशी भाऊंचे गाल गुलाबी, फेटा केशरी आणि मागचा सूर्य पिवळाधमक असतो. एक कडक उन्हाळा अंगावर घेतला की भाऊ निळे पडायला लागतात. पिवळा आणि मजेंटा, म्हणजे छपाईतला गडद गुलाबी, हळूहळू उडून जातात आणि वरच्या रांगेतले नेते, खालच्या रांगेतले शुभेच्छुक, कोपऱ्यातला सिंह असे सगळे एकाच निळ्या रंगाचे होतात. पक्ष कोणताही असो.

तो उरलेला निळा म्हणजे कॉपर थॅलोसायनिन. १९२८ साली स्कॉटलंडमध्ये ग्रेंजमाउथला, स्कॉटिश डाइज कंपनीत थॅलिमाइड बनवताना एका भांड्याचं काचेचं अस्तर तडकलं, आतलं लोखंड उघडं पडलं आणि पांढऱ्या मालात निळसर-हिरवा मळ दिसायला लागला. तिथल्या लोकांनी तो मळ फेकून न देता तपासला. तो लोखंडाचा थॅलोसायनिन निघाला. लोखंडाच्या जागी तांबं आलं की हा निळा. १९३५ पासून आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीने तो मोनॅस्ट्रल ब्लू म्हणून विकला आणि आज छपाईतला निळा, म्हणजे सायन, बहुतेक करून याच कुळातला असतो. उन्हाला तो दाद देत नाही. स्वस्त शाईत मजेंटा आणि पिवळ्याच्या जागी जे घातलेलं असतं ते त्याच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून भाऊ निळे पडतात.

मी माटुंग्याला डाय टेक्नॉलॉजी शिकले आणि रंग बनवण्याऐवजी रंगांच्या पेटंटचे कागद लिहिण्याकडे वळले. पेटंट एजंट म्हटल्यावर लोकांना वकील वाटतो, वकिलांना केमिस्ट वाटतो आणि केमिस्टना कारकून. तिघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. आज ज्या अर्जाबद्दल लिहितेय तो मजेंटा शाईचा होता, डोंबिवली-अंबरनाथ पट्ट्यातल्या एका छोट्या कारखान्याचा. अशिलाची गुपितं जपायची म्हणून आकडे मी मुद्दाम इकडचे तिकडे केले आहेत आणि एक-दोन रसायनांची नावं गाळली आहेत. बाकी घडलं ते असंच.

कारखान्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. पिगमेंटमध्ये उभं आयुष्य गेलेलं. आधी रंग म्हणजे भिंतीचे आणि लोखंडाचे, मग छपाईच्या शाया, आणि आता उतरत्या वयात इंकजेट. 'आधीचं सगळं सोपं होतं हो मॅडम,' ते म्हणतात. 'भिंतीच्या रंगात गुठळी राहिली तर पेंटर ब्रशने काढून टाकतो. इथे गुठळी राहिली तर प्रिंटरचं डोकंच बदलायला लागतं, आणि ते डोकं आमच्या वर्षाच्या पगाराएवढं.'

अडचण अशी की पिगमेंट विरघळत नाही. डाय पाण्यात साखरेसारखा विरघळतो, नोझलमधून सुखाने जातो, पण उन्हात आणि ओलाव्यात टिकत नाही. पिगमेंट टिकतं, कारण ते घट्ट स्फटिकात बांधलेलं असतं, आणि नेमकं म्हणूनच ते पाण्यात नुसतं तरंगत ठेवावं लागतं. इंकजेटच्या नोझलचं भोक साधारण २० मायक्रॉनचं, म्हणजे केसाच्या जाडीहूनही लहान. त्यातून सेकंदाला हजारो थेंब उडवायचे, प्रत्येक थेंब काही पिकोलिटरचा. शाई जवळजवळ पाण्याइतकी पातळ हवी, आणि त्या पातळ पाण्यात पिगमेंटचे साधारण १०० नॅनोमीटरचे कण वर्ष-दोन वर्षं खाली न बसता, एकमेकांना न चिकटता राहायला हवेत. बाटली ट्रकमधून मे महिन्यात नागपूरला गेली तरीसुद्धा.

हे कण बारीक करणं त्यातल्या त्यात सोपं. बीड मिलमध्ये ०.३ मिलिमीटरचे झिर्कोनियाचे मणी घालून तासन् तास दळत राहायचं. अवघड ते पुढचं. दळून उघडे पडलेले पृष्ठभाग पुन्हा एकमेकांना धरायला धावतात. त्यांना आवरायला पॉलिमरचा डिस्पर्संट घालतात. त्याचं एक टोक कणाला धरतं, दुसरं पाण्यात पसरून शेजारच्या कणाला लांब ठेवतं. मजेंटासाठी जे सगळ्यात खात्रीचं पिगमेंट, क्विनाक्रिडोन, त्याचा पृष्ठभाग मात्र असा कोरा असतो की पॉलिमरला धरायला जागाच सापडत नाही. मग त्याच रेणूला एक सल्फोनिक आम्लाचा गट लावून बनवलेलं डेरिव्हेटिव्ह थोडंसं टाकतात. ते कणाच्या पृष्ठभागावर जाऊन आडवं बसतं, कारण बांधा तोच. आणि त्याचा भारित गट बाहेर राहतो, त्याला पॉलिमर पकडतो. ही युक्ती रंगांच्या धंद्यात जुनी आहे. अण्णांचं म्हणणं होतं की त्यांच्या पॉलिमरची आणि त्यांच्या डेरिव्हेटिव्हची जोडी जमली की जे होतं ते जुन्या युक्तीने होत नाही.

'दाखवा,' मी म्हटलं.

त्यांनी ओव्हन उघडला. ६० अंशांवर आठवडाभर ठेवलेल्या काचेच्या बाटल्या, झाकणांवर मार्करने नंबर. पहिली हलकेच उलटी केली. वरची शाई सरकली आणि तळाला जांभळट चिखलाचा थर तसाच चिकटून राहिला. यात फक्त पॉलिमर होता. दुसरी उलटीच होईना, आतली शाई दह्यासारखी लागली होती. यात फक्त डेरिव्हेटिव्ह. तिसरी उलटी केली तर शाई एका झटक्यात खाली आली आणि काचेवर मागे एक सारखा गुलाबी पडदा राहिला, कण नाही, रेघ नाही. अण्णांनी ती उजेडापुढे धरली आणि काही बोलले नाहीत. मग प्रिंटरच्या नोझल चेकचे कागद आणले. त्या कागदावर बारीक आडव्या रेघांची पायरी छापली जाते, एका नोझलची एक रेघ. पहिल्या शाईच्या कागदावर जागोजागी रेघा गायब. तिसरीच्या कागदावर सगळ्या हजर. अण्णा त्या रेघांवरून अंगठा फिरवत मोजत होते, डोळ्यांना दिसत असूनही.

मी ताबडतोब म्हटलं, 'पहिल्या दोन बाटल्या अर्जात हव्यात.'

तिथून वादाला तोंड फुटलं. अण्णांना चांगली शाई छापायची होती, बिघडलेली नाही. आपली फजिती सरकारी कागदावर कोण लिहितं? मालकांना आणखी वेगळी भीती: काय चालत नाही हे छापलं तर स्पर्धकाची सहा महिन्यांची मेहनत वाचते. भीती अगदीच खोटी नव्हती. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि मग तो इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतो. पण कायद्याचा सौदाच तो आहे. तुम्ही सगळं उघडं सांगायचं, तुम्हाला ठाऊक असलेली सगळ्यात चांगली पद्धतसुद्धा, आणि त्या बदल्यात २० वर्षं दुसऱ्याला अडवायचा हक्क घ्यायचा. अर्धवट सांगून पूर्ण हक्क मिळत नाही. आणि एकदा अर्ज दाखल झाला की नव्या गोष्टी आत घुसवता येत नाहीत. भारतीय कायद्याचं कलम ५९ त्या बाबतीत कडक आहे. क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणारी क्रमवार वाक्यं, आवळता येतात, सैल करता येत नाहीत. तेव्हा पुढे-मागे उपयोगी पडेल असं जे काही असेल ते पहिल्याच दिवशी आत असलेलं बरं.

पेटंट वाचणारे बहुतेक लोक थेट क्लेम १ कडे जातात. मी मागच्या तक्त्याकडे जाते. इंकजेटमध्ये जपान्यांचं राज्य आहे. सेको एप्सन, कॅनन, रिको, फुजीफिल्म यांच्या स्पेसिफिकेशनांचे, म्हणजे अर्जातल्या सविस्तर वर्णनांचे, ढीग आहेत आणि त्यांच्या तक्त्यांची एक ठरलेली लिपी आहे: दुहेरी वर्तुळ म्हणजे उत्तम, साधं वर्तुळ म्हणजे चांगलं, त्रिकोण म्हणजे ठीक, फुली म्हणजे बाद. भाषेचं ओ की ठो कळत नसलं तरी तक्ता वाचता येतो. वरच्या ओळींत वर्तुळंच वर्तुळं असतात, त्यांच्यावर मी वेळ घालवत नाही. खाली 'तुलनात्मक उदाहरण' म्हणून ज्या ओळी असतात, फुल्यांनी भरलेल्या, तिथे खरी कथा असते. शोध लावणाऱ्याने मुद्दाम बिघडवून बनवलेल्या शाया त्या. कोणती गोष्ट काढून घेतली की सगळं कोसळतं हे फक्त त्याच सांगतात. पूर्ण यशाची यादी वाचून कळतं की शाई चांगली आहे. का चांगली आहे ते काही त्यातून कळत नाही.

अण्णांचा विरोध शेवटी वेगळ्याच कारणाने मावळला. त्यांना तक्ता आवडला. बिघडलेल्या बाटल्यांना नंबर मिळाले, आकडे मिळाले, त्यांनी हौसेने आणखी एक बनवली, डेरिव्हेटिव्ह पिगमेंटच्या २५ टक्के घालून. ती सुरुवातीला फार सुंदर दिसायची आणि ओव्हनमध्ये तिसऱ्या दिवशी घट्ट व्हायची. तुलनात्मक उदाहरण ३. मालकांनी मात्र क्लेममध्ये डेरिव्हेटिव्हचं प्रमाण १ ते २० टक्के असं ऐसपैस मागायला लावलं. मागण्यात काही गैर नाही. खाली '३ ते १२ बरं, ४ ते ९ अधिक बरं' अशी माघारीची वाट स्पेसिफिकेशनमध्ये लिहून ठेवलेली होतीच.

मग वाट पाहणं. अर्ज आम्ही मुंबईत, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनाच्या पत्त्यावर दाखल केला, पण हल्ली दाखल कुठेही करा, तपासणीसाठी विषयानुसार तो कोलकाता, दिल्ली, चेन्नई, मुंबई यांपैकी कुठेही जातो. दारात जाऊन साहेबांना भेटून येण्याचे दिवस सरले. आमचा गेला दुसऱ्या शहरात. इंकजेटच्या पिगमेंट शायांचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला कप्पा सी०९डी ११/३२२. एक्झामिनर, म्हणजे पेटंट ऑफिसातला तपासनीस, आधी त्या कप्प्यात आणि आजूबाजूच्या कप्प्यांत जुनं काय आहे ते हुडकतो. कार्बन ब्लॅकची शाई शेजारच्या कप्प्यात, डिस्पर्संटवर भर असेल तर त्याच्या पलीकडच्या. हे काम किती एकट्याने करायचं असतं याची बाहेरच्यांना कल्पना नसते. समोर एका अनोळखी माणसाचा दावा, बाजूला अर्ध्या जगाचे कागद, त्यातले कितीतरी यंत्राने जपानीतून इंग्रजीत आणलेले, आणि घड्याळ चालू.

एफईआर आला, म्हणजे पहिला तपासणी अहवाल. अशिलाला तो पाठवला की हमखास फोन येतो: 'रिजेक्ट झालं का?' नाही. एफईआर म्हणजे प्रश्नपत्रिका. उत्तराला सहा महिने असतात.

आमच्या प्रश्नपत्रिकेत तीन प्रश्न दमदार होते. पहिला, डी-१ आणि डी-२. डी-१ हे जपानी पेटंट, क्विनाक्रिडोन आणि आमच्यासारखाच पॉलिमर असलेली इंकजेट शाई. डी-२ जुनं युरोपीय पेटंट, मोटारींच्या रंगात क्विनाक्रिडोनचं सल्फोनिक डेरिव्हेटिव्ह घालायचं. दोन्ही शेजारी ठेवली की तुमची शाई तयार, मग शोध कसला? दुसरा प्रश्न कलम ३ डी चा, क्लेम ८ वर. तिसरा कलम ३ ई चा, क्लेम १ वर.

३ डी हे कलम सगळ्यांनी औषधांच्या संदर्भात ऐकलेलं आहे. माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप शोधलं तर ते पेटंटला पात्र नाही, त्याची कार्यक्षमता वाढलेली दाखवली तरच. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने नोवार्टिस या औषध कंपनीच्या ग्लिव्हेक प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केलं. न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांचं खंडपीठ होतं. त्या निकालात एक मुद्दा आहे जो औषधवाल्यांच्या चर्चेत मागे पडतो आणि आम्हा रंगवाल्यांना पुरून उरतो: कार्यक्षमता कशाची मोजायची हे त्या वस्तूचं काम काय त्यावर ठरतं. औषधाचं काम बरं करणं, म्हणून तिथे उपचारातली कार्यक्षमता. मग पिगमेंटचं काम काय?

इथे मला थोडं रेंगाळू द्या. कलमाखालच्या स्पष्टीकरणात यादी आहे: क्षार, एस्टर, स्फटिकांची वेगवेगळी रूपं, शुद्ध रूप, कणांचा आकार आणि असंच बरंच काही. हे सगळं मूळ पदार्थच समजायचं, गुणांत लक्षणीय फरक दाखवला नाही तर. औषधाच्या गोळीसाठी ही यादी शहाणपणाची आहे. आतलं रसायन तेच असताना स्फटिक बदलून पेटंटची मुदत लांबवत नेण्याला तिने चाप बसतो, आणि तो बसावा याच मताची मी आहे. पण पिगमेंटचा सगळा खेळच स्फटिकाच्या रूपात आणि कणाच्या आकारात असतो. क्विनाक्रिडोन पातळ द्रावणात विरघळवला तर फिकट पिवळसर-नारिंगी दिसतो, मजेंटाचा मागमूस नाही. रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंधांनी जोडून स्फटिकात रांगेने बसले की त्यांना तो रंग येतो. त्यातही एका तऱ्हेने रांग लागली की बीटा रूप, जांभळट. दुसऱ्या तऱ्हेने लागली की गॅमा, लाल. रेणू तोच, सूत्र तेच, दुकानातले डबे दोन. तेव्हा 'रूप बदललं पण पदार्थ तोच' हे वाक्य पिगमेंटबद्दल बोलताना जरा जपून वापरावं लागतं.

यावर मोठं उत्तर लिहायला मला मनापासून आवडलं असतं. क्लेम ८ होता पिगमेंटच्या पुडीचा, ८० ते १२० नॅनोमीटरच्या कणांचा. पण पिगमेंट अण्णांनी शोधलेलं नव्हतं, ते बाजारातून पोत्याने येत होतं, आणि मालकांना पुडीत काडीचा रस नव्हता. माझ्या वैचारिक हौसेचं बिल त्यांनी का भरावं? आम्ही क्लेम ८ काढून टाकला.

३ ई मात्र टाळता येत नव्हता. ते कलम म्हणतं, नुसतं मिश्रण ज्यात घटकांच्या गुणांची केवळ बेरीज होते, ते चालणार नाही. मला हा सगळ्या कायद्यातला सगळ्यात व्यवहारी प्रश्न वाटतो. चार गोष्टी एका भांड्यात टाकल्या आणि प्रत्येकीने आपापलं काम केलं, यात तुम्ही काय केलंत? पॉलिमर कण लांब ठेवतो, डेरिव्हेटिव्ह पॉलिमरला धरतं, ग्लिसरीन नोझल सुकू देत नाही, पाणी पाण्याचं काम करतं. बेरीज झाली. बेरजेपेक्षा जास्त काय?

उत्तराच्या मसुद्यात मी पानभर युक्तिवाद लिहिला आणि मग तो खोडून तिथे तक्ता ठेवला. फक्त पॉलिमर: कणांचा आकार आठवड्यात १३० वरून २१० नॅनोमीटर. फक्त डेरिव्हेटिव्ह: मोजताच आला नाही, घट्ट झाली. दोन्ही मिळून: ११२ वरून ११५. दोन बिघाडांची बेरीज केली तर बिघाडच यायला हवा होता. आला नाही. पहिल्या दोन ओळी अर्जात नसत्या तर तिसऱ्या ओळीला काही अर्थच नव्हता. आणि आज नव्याने प्रयोग करून पाठवला असता तर कंट्रोलरने, म्हणजे अर्जाचा निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याने, तो मानला तर मानला, नाही तर 'हे मूळ अर्जात नव्हतं' म्हणून बाजूला ठेवला असता.

डी-१ अधिक डी-२ चं उत्तरही खालच्याच ओळींतून निघालं. पेटंट कायद्यात एक काल्पनिक माणूस असतो, त्या विषयातला जाणकार. त्याने सगळं वाचलेलं असतं, त्याला सगळं येतं, पण स्वतःहून काही सुचत नाही. प्रश्न असा की त्या माणसाने डी-२ वाचून ती युक्ती इंकजेटमध्ये आणली असती का? मोटारीचा रंग दाट असतो, त्यात कण सावकाश बसतात, थोडे मोठे झाले तरी रंगाऱ्याच्या गनला फरक पडत नाही. तिथे डेरिव्हेटिव्ह जरा जास्त पडलं तर बिघडत नाही, आणि डी-२ मधली उदाहरणं तशीच होती, सढळ हाताची. तेवढंच प्रमाण पातळ इंकजेट शाईत घातलं की काय होतं? तुलनात्मक उदाहरण ३ होतं. डी-२ शब्दशः पाळणाऱ्या जाणकाराची शाई तिसऱ्या दिवशी बाटलीत गोठते. मग तो पुढे कशाला जाईल?

हिअरिंग व्हिडिओवर झालं. अण्णा माझ्या ऑफिसात, कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर खुर्ची ओढून बसले होते, मांडीवर प्रयोगशाळेची वही. कंट्रोलरांनी तक्ता बारकाईने वाचला होता, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. ३ ई वर त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि तो विषय सोडला. जोडीचं काम त्यांना पटलेलं होतं. मग म्हणाल्या, चांगली उदाहरणं ४, ६ आणि ९ टक्क्यांची आहेत. शून्याला शाई बसते, हे तुम्हीच दाखवलंय. २५ ला गोठते, हेही तुम्हीच दाखवलंय. मग ९ ते २० या पट्ट्यात ती चालतेच असं मी कशावरून धरू?

ज्या तक्त्याने आम्हाला आत आणलं होतं तोच आता आमचं अंगण मोजत होता. मी ३ ते १२ ची माघारीची वाट पुढे केली. त्यांनी विचारलं, १२ चा काही आधार आहे का? अण्णांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. १२ टक्क्यांची एक शाई त्यांनी अर्ज दाखल केल्यानंतर कधीतरी बनवली होती. समोर त्यांच्याच अक्षरात: 'ठीक. पण नोझल सकाळी दोनदा साफ करावं लागलं.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी ४ ते ९ मान्य केलं. पंधरा दिवसांच्या आत लेखी म्हणणं आणि सुधारलेले क्लेम गेले, आणि काही काळाने पेटंट मंजूर झाल्याची ऑर्डर आली. मालकांनी पेढे पाठवले, पण फोनवर विचारलंच: 'वीसचे नऊ कसे काय झाले?' मी म्हटलं, नऊपर्यंतचे कुणी हलवू शकणार नाही, वीसपर्यंतचे पहिल्याच भांडणात पडले असते. त्यांना ते पूर्ण पटलं नसावं. पेटंटचं प्रमाणपत्र फ्रेम करून केबिनमध्ये लावलं मात्र.

अशा कामात एक गोष्ट वाट्याला येते जिची सवय व्हायला वेळ लागतो. तुमचा कागद प्रसिद्ध झाला की तो पुढच्या माणसाच्या हातातला जुना कागद होतो. शायांच्या कप्प्यात नवीन काय आलं ते मी अधूनमधून चाळत असते. तसं चाळताना परवा एक नवा अर्ज दिसला, परदेशी कंपनीचा, भारतात आलेला. मजेंटा शाई, क्विनाक्रिडोन, त्याच कुळातलं डेरिव्हेटिव्ह, प्रमाण ११ टक्के, सोबत वेगळा पॉलिमर. पार्श्वभूमीत आमच्या पेटंटचा नंबर. मी सवयीने खालच्या ओळींकडे गेले. तुलनात्मक उदाहरण १: आमच्या पेटंटमधल्या उदाहरण २ प्रमाणे बनवलेली शाई. साठवणुकीला त्रिकोण. नोझलला फुली.

अण्णांना तो तक्ता पाठवला. तासाभरात फोन आला, आवाज चढलेला. 'यांनी नीट दळलेलीच नाही हो! सुरुवातीलाच कण १६० चे दाखवतायत. आमचे ११२ असतात. मणी कितीचे वापरले ते लिहिलंय का बघा.'

बघितलं. लिहिलेलं नव्हतं.

'मग यावर आपल्याला काही बोलता येतं का?'

येतं. कलम २५ च्या पहिल्या भागाप्रमाणे, अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कुणालाही लेखी विरोध नोंदवता येतो, पुराव्यासकट. पुरावा म्हणजे काय लागेल ते मी सांगायच्या आतच अण्णांनी त्या परदेशी कंपनीचा पॉलिमर कुठून मागवायचा याची चौकशी सुरू केली होती. त्या लोकांचं उदाहरण १ जसंच्या तसं बनवून ओव्हनमध्ये ठेवणार आहेत, आणि शेजारी आपली उदाहरण २ ची बाटली, ०.३ च्या मण्यांनी दळलेली. त्यांच्या शाईला काय येतं ते आधी बघू, मग विरोधाचं ठरवू, असं मी मालकांना कळवलंय. खर्चाचा अंदाज सोबत जोडलाय.